गवत कापायचं इंजिन

रामाजी मिस्त्रीच्या अंगणात बैलगाडीतून ते यंत्र उतरवलं, तेव्हा अर्धी आळी हातातली कामं टाकून बघायला आली. चोपन्न सालचा डिसेंबर होता. धान खळ्यावर येऊन पडलं होतं, मळणीची घाई होती. पण फुकट बघायला मिळणारी गोष्ट चांदा जिल्ह्यातल्या मूल गावानं कधी सोडली नाही, तेव्हा ही तरी कशी सोडणार?

यंत्र गवत कापायचं होतं. खाली लोखंडी रूळ, त्याच्यापुढं गोल फिरणारी पाती, वर नारळाएवढं पेट्रोलचं इंजिन आणि मागं ढकलायला दोन मुठी. गावाबाहेरच्या जंगल खात्याच्या बंगल्यात पूर्वी एक इंग्रज साहेब राहायचा. सत्तेचाळीस साली तो विलायतेला परत गेला आणि हे मागं टाकून गेला. तेव्हापासून सात वर्षं ते बंगल्यामागच्या कोठीत धूळ खात पडलं होतं.

शेजारचे नानाजी काठी टेकत यंत्राभोवती एक फेरी मारून आले. "रामाजी, याच्यानं धान कापता येते का रे?"

"नाई जी. फक्त गवत."

"मंग ते गवत ढोराले घालतेत?"

"नाई. फेकून देतेत."

"कापून फेकतेत, तं वाढू देतेत काऊन?"

रामाजी खाली बसून रूळ पुसू लागला. तो राइसमिलचं इंजिन चालवणारा माणूस. यंत्र कसं चालतं एवढंच त्याला कळायचं. ते कशासाठी चालतं हा प्रश्न मालकाचा. नानाजी मात्र संध्याकाळपर्यंत येईल त्याला ते विचारत होते, आणि ज्याला त्याला साहेबलोकांच्या अकलेबद्दल आपलं मत सांगत होते.

रामाजीला त्यात हसू येत नव्हतं, कारण या खेळण्यावर त्याचं सगळं टांगलेलं होतं. सोळा वर्षं तो मिलमध्ये होता. धानाचा कोंडा उडतो त्याची बारीक धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. सकाळी उठला की पहिला अर्धा तास खोकण्यात जायचा. चांद्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, मिल सोड, नाही तर चार-पाच वर्षांचा सौदा आहे. हे त्यानं बायकोला, शकुबाईला, सांगितलं नव्हतं. पण रोज सकाळी खोकला ऐकणाऱ्या बाईला सांगायचं ते काय?

अशात बंगल्यावर गुणवंतराव नावाचे नवे साहेब आले. त्यांनी कोठीतलं यंत्र पाहिलं आणि त्यांना हौस आली. पुढच्या आठवड्यात नागपूरहून वरचे साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर बंगल्यापुढची हिरवळ इंग्रजाच्या वेळेसारखी दिसली पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी रामाजीला बोलावलं. "आठ दिवसांत चालू करून दे. चांद्याला खात्याच्या मोटारींच्या वर्कशॉपमध्ये फिटरची जागा रिकामी आहे. हे चाललं तर तुझं नाव मी स्वतः लिहितो." चांद्याचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी मोकळी हवा आणि कोंड्याचा कण नाही. रामाजी घरी परत येताना रस्ताभर मनातल्या मनात चांद्याला बिऱ्हाड थाटत आला.

सकाळची पाळी संपली की दुपारी तो अंगणात यंत्रासमोर बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं काहीच उघडलं नाही. दोरी चाकाला गुंडाळायची, हिसका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं, एवढंच. इंजिन फिरत होतं, पण धग धरत नव्हतं. चांगला मिस्त्री आधी ऐकतो आणि मग पाना उचलतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि याबाबतीत तो थोडा गर्विष्ठही होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकी उघडली. सात वर्षांचं पेट्रोल आटून तळाशी डिंकासारखं बसलं होतं. कार्बोरेटरच्या बारीक भोकात तोच डिंक. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला केसाएवढा एक धागा काढून त्यानं ते भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं, पुन्हा तार घातली. धुराची नळी बंद होती. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, आणि एकावर एक असं तीन पिढ्यांचं बांधलं होतं. ते फोडून काढताना नानाजी म्हणाले, "पाय रे, यंत्र कोनाच्या तरी कामी आलं." प्लग काजळीनं काळा झाला होता. तो पॉलिश पेपरनं घासून त्यानं इंजिनच्या अंगाला टेकवला आणि चाक फिरवलं. ठिणगी नाही. मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला. आतल्या दोन टोकांवर गंज चढला होता. हत्यारांच्या पेटीतली बारीक कानस घेऊन त्यानं ती टोकं उजळली. पुन्हा चाक फिरवलं तेव्हा ठिणगी पडली, निळी, आणि त्याच वेळी त्याच्या कोपरापर्यंत असा झटका बसला की तो हसायलाच लागला.

राहिलं होतं इंजिनच्या पोटातलं तेल. जुनं तेल डांबर होऊन बाहेर आलं. नवं इंजिन ऑइल मूलमध्ये मिळत नव्हतं. मिलमधला डबा मालकाच्या कुलपात, आणि मालक धान घ्यायला सिंदेवाहीकडं गेलेला. रामाजीनं डोकं खाजवलं. मिलमध्ये पट्ट्याच्या दांड्याला, बेअरिंगला ते वर्षभर टोरीचं तेल घालत. टोरी म्हणजे मोहाची बी. जंगलातल्या टोल्यांवरच्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या बाया ती घाण्यात दाबून तेल काढतात आणि डबे भरून बाजारात आणतात. सोळा वर्षं त्या तेलानं दगा दिला नव्हता. पेट्रोलचं इंजिन झालं तरी लोखंडच ना?

"अवं, टोरीचं तेल हाये का घरी?" त्यानं आत हाक दिली.

"हाये नं. मंगलीनं देलेलं. मी पायाले लावतो भेगाईले." शकुबाई चुलीजवळच्या कोनाड्यातून तेलाचं भांडं घेऊन आली. तेल कोमट होतं, पातळ होतं आणि सोन्यासारखं पिवळं दिसत होतं. ते चुलीजवळच का ठेवलेलं असतं हे रामाजीनं विचारलं नाही. घरातल्या वस्तूंच्या जागा हा त्याचा प्रांत नव्हता.

तेल भरलं, नवं पेट्रोल भरलं, दोरी गुंडाळली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन फट फट करून उठलं आणि एकसारखं बोलायला लागलं. आळीतली कुत्री पळाली. नानाजींनी काठी उचलून नमस्कार केला. शकुबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण डोळे दिसतच होते. रामाजीला इतका आनंद झाला की त्यानं यंत्र तुळशीभोवतीच्या दुर्वांवरून फिरवलं आणि त्या साफ झाल्या. यावरून त्याला बोलणी खावी लागली ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र गाडीत घालून बंगल्यावर पोचवलं. साहेब दौऱ्यावर होते, रात्री यायचे होते. बंगल्याचा चौकीदार सुकलू यानं दोन्ही हातांनी उचलायला मदत करून यंत्र कोठीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या गोफात अडकवली. सुकलू तीन कोसांवरच्या टोल्यावरचा गोंड, वयानं पन्नाशी ओलांडलेला. इंग्रजाच्या वेळेपासून तो इथं होता. हिरवळ विळ्यानं कापायचा तोच, आणि शकुबाईला तेल देणारी मंगली त्याचीच बायको. बोलायला तो कंजूष होता. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा, तेही नेमकं.

सकाळी सात वाजता रामाजी धुतलेला सदरा घालून बंगल्यावर हजर झाला. थंडी अशी होती की गवतावरचं दव पायाला चावत होतं. साहेब लोकरी कोट घालून व्हरांड्यातून खाली आले. सुकलूनं यंत्र बाहेर काढून हिरवळीच्या कडेला लावलं.

रामाजीनं दोरी गुंडाळली आणि हिसका दिला. दोरी तिथंच थांबली. चाक हललंच नाही. त्यानं दुसऱ्यांदा, दोन्ही पाय रोवून ओढली. दोरी तुटायची वेळ आली, पण इंजिन जागचं हलेना. परवा मांजरासारखं गुरगुरणारं यंत्र दगड झालं होतं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

रामाजी खाली बसला. तेल काढायचा स्क्रू त्यानं खोलला. काही बाहेर आलं नाही. त्यानं काडी घातली. काडीला पिवळट पांढरं लोणी चिकटून आलं.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. टोरीचं तेल थंडीत गोठतं. हे या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं. पण मिलमध्ये टोरीच्या तेलाचा डबा इंजिनच्या अंगाला लागून असतो, तिथं सोळा वर्षं त्यानं ते कधी गोठलेलं पाहिलं नव्हतं. आणि शकुबाई ते चुलीजवळ ठेवत होती ते याच कारणानं. त्याला आपल्या डोक्यात एक चपराक मारून घ्यावीशी वाटली.

साहेब वाकले. त्यांनी काडी हातात घेतली आणि वास घेतला. बारा वर्षं जंगलात काढलेला माणूस. त्यांना तो वास सांगावा लागत नव्हता. "हे टोरीचं तेल!" ते सरळ उभे राहिले आणि सुकलूकडं वळले. रामाजीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शहाणा मिस्त्री असं करेल हे त्यांच्या मनातच येईना.

"सुकलू, इकडं ये. हे तेल कुणाचं?"

सुकलूनं काडीवरचं तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मंगली टोरी जरा जास्त भाजायची. तिच्या तेलाला एक करपट वास असायचा. "आमचं हाये साहेब. मंगलीच्या हातचं."

"काल रात्री कोठीची किल्ली कुणाकडं होती?"

"माह्याकडं."

"आणि मशीन रात्रभर कोठीत होतं?"

"हो साहेब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "विळ्यानं गवत कापायचं काम जाईल म्हणून मशीन बिघडवतोस? सरकारी वस्तू! किल्ली दे इकडं. आपलं सामान उचल आणि चालू पड."

सुकलूनं किल्ली गोफातून सोडवली. ती देण्याआधी तो थोडा थांबला. त्यानं रामाजीकडं पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. हाक मारलेला माणूस ओ देतो का हे बघावं तसं पाहिलं. मग किल्ली साहेबांच्या हातावर ठेवून तो आपल्या खोलीकडं गेला.

रामाजी बोलला नाही. त्याचं तोंड कोणी धरलं नव्हतं. तीन शब्दांचं काम होतं आणि ते तीन शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण त्यांच्यामागं चांद्याचं वर्कशॉप उभं होतं, पत्र्याचं छप्पर, मोकळी हवा. आता बोललं तर इंजिनात तेल कोणतं घालावं हे न कळणारा मिस्त्री म्हणून आपण परत कोंड्यात जाणार. त्यानं स्वतःशी म्हटलं, आधी चालू करू, मग बघू. अशा वेळी माणूस स्वतःला असंच काहीतरी म्हणतो.

"साहेब, गरम पानी पायजे," तो म्हणाला. आणि एवढंच म्हणाला.

पुढचं सगळं त्यानं सुरेख केलं. टाकी काढून बाजूला ठेवली, यंत्र उन्हात ओढलं, इंजिनच्या पोटावर घमेल्यानं गरम पाणी ओतलं. तेल वितळून खाली आलं. रॉकेलनं आतून दोनदा धुतलं. साहेबांच्या जीपमधलं ऑइल मागून घेतलं आणि ते भरलं. नऊ वाजता दुसऱ्याच हिसक्याला इंजिन उठलं.

साहेब पोरासारखे खूश झाले. कोट काढून त्यांनी मुठी स्वतः धरल्या. यंत्र हिरवळीवरून निघालं आणि मागं गवताचा कापलेला पट्टा उमटत गेला. कडेला पोचून वळताना ते ओरडले, "रामाजी, आजच पत्र लिहितो चांद्याला!"

ज्या वाक्यासाठी तो इतके दिवस जागत होता ते वाक्य असं त्याच्या कानावर पडलं, आणि त्याला काही वाटलं नाही. हात तेलकट झाले होते. तो विहिरीवर गेला.

विहिरीशेजारीच सुकलूची खोली. तो घोंगडी, विळा, जर्मनचं भगुणं असं सामान गाठोड्यात बांधत होता. रामाजीला बघून तो उठला, बादली ओढली आणि त्याच्या हातावर पाणी घालू लागला. रामाजी हात चोळू लागला.

"रामाजीभाऊ," सुकलू पाणी घालता घालता म्हणाला, "हे तेल थंडीत जमते. पुन्हा नोका टाकू."

रामाजीचे हात थांबले. "तुले मालूम होतं? मीच टाकलं म्हून?"

"मालूम होतं. तेल मंगलीचं. मंगलीनं ते शकुबाईले देलं. मी तं टाकलं नाई. मंग कोन टाकन?"

"मंग साहेबाले काऊन नाई सांगितलं?"

सुकलूला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "साहेबानं तेल कोनाचं म्हून इचारलं. कोनं टाकलं, इचारलंच नाई." मग त्यानं बादली खाली ठेवली. त्याच्या मानानं तो आता बरंच बोलणार होता. "आमच्या टोल्यावर पंच बसले का कोनी दुसऱ्याचं नाव नाई घेत. ज्याचं त्यानं सांगाचं. बाकीचे थांबते. मीबी थांबलो. तुमी नाई बोलले. मंग मले समजलं, तुमाले मालूमच नसन का तेल जमते म्हून. गावातले लोक तुमी. मालूम असतं तं बोलले असते."

रामाजीनं ओले हात मागं घेतले.

"मंगलीनंच सांगाले पायजे होतं शकुबाईले, का थंडीत जपा म्हून. तिचीच चूक झाली. घरी गेलो का बोलतो तिले." एवढं सांगून सुकलू पुन्हा गाठोड्याकडं वळला आणि गाठ मारू लागला.

रामाजीला शरम वाटली. साधी, अंग तापवणारी शरम. सुकलूनं शिव्या दिल्या असत्या तर त्या गिळता आल्या असत्या. वर एखादी परतही देता आली असती. पण हा माणूस त्याला अडाणी समजून मोकळा झाला होता, आणि त्याचा दोष नेऊन घरी बायकोच्या डोक्यावर ठेवणार होता. रामाजी ओले हात सदऱ्याला न पुसताच हिरवळीकडं निघाला.

साहेब चौथा पट्टा कापत होते. रामाजी आडवा जाऊन उभा राहिला. "साहेब!"

इंजिनच्या आवाजात साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून हात हलवला, बाजूला हो म्हणून.

"साहेब, तेल मीच..."

"काय?"

रामाजी वाकला आणि प्लगची तार त्यानं ओल्या हातानं उपटली. झटका खांद्यापर्यंत गेला. इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं आणि एकदम सगळीकडं शांत झालं.

"टोरीचं तेल मी टाकलं होतं, साहेब. माह्या घरी, माह्या हातानं. सुकलूनं हात नाई लावला."

साहेब मुठी धरून तसेच उभे राहिले. "मग मघाशी का नाही बोललास?"

रामाजीजवळ दोन-तीन बरी उत्तरं होती. त्यानं खरं दिलं. "चांद्याची जागा जाईन म्हून."

"ती गेलीच आता," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "चुकीचं तेल एक वेळ मी सोडलं असतं. पण माझ्यासमोर तू दुसऱ्याला चालता होऊ दिलंस. अशा माणसाचं नाव मी कसं लिहू?"

"नोका लिहू साहेब."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. सुकलूला स्वतः नेऊन द्यावी असं त्यांना वाटलंही असेल, पण साहेबपणाला ते झेपलं नाही. त्यांनी ती रामाजीच्या हातावर टाकली. "दे त्याला. आणि जायच्या आधी ही तार लावून जा."

रामाजीनं तार लावली. मग तो विहिरीकडं गेला. सुकलू गाठोडं डोक्यावर घेऊन निघालेलाच होता. रामाजीनं किल्ली पुढं केली.

सुकलूनं किल्लीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "बोलले का?"

"बोललो. मले मालूम होतं सुकलूभाऊ. तेल जमते, ते मालूम होतं."

सुकलूनं किल्ली घेतली. गाठोडं त्यानं खाली उतरवलं. "मंग मंगलीची चूक नाई," तो म्हणाला, आणि किल्ली गोफात अडकवू लागला.